धाकट्या जावेचं खामगाव

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला सोशिक वगैरे समजायला नको. सोशिक मी कधीच नव्हते. मार खायचे, ती गोष्ट वेगळी. पण मार खाऊन झाल्यावर भिंतीला टेकून बसले, तरी माझं निम्मं लक्ष अंगणापलीकडच्या तिच्या खोलीकडे असायचं. तिच्याकडे आज काय चाललंय, ती हसली कशाला, तो तिला काय म्हणाला.

आमचं गाव खामगावपासून मोटरसायकलवर पाऊण तासाचं. एक अंगण, एक ओसरी, ओसरीवर सासूबाईंची खाट आणि दोन टोकांना दोन भावांच्या दोन खोल्या. थोरला माझा नवरा, धाकटा माझा दीर. शेत एकत्र, चूलही एकच. महिन्यातून एकदा धाकटी सकाळी लवकर भाकरी उरकायची, लेकरू सासूबाईंच्या मांडीवर द्यायची आणि आवरायला बसायची. मोरपंखी साडी, तिला साजेशा बांगड्या, गळ्याला पावडर. दीर मोटरसायकल पुसून दारात उभा.

“कुठी चालली व?” सासूबाई विचारायच्या.

“खामगावले. याईचं काम हाय,” ती नवऱ्याकडे बघून म्हणायची.

काम! कामाला कुणी मोरपंखी साडी नेसून जातं का? गावातून जाताना ती गाडीची कडी धरून बसायची. पण वेशीवरचा हातपंप मागे पडला की हात नवऱ्याच्या खांद्यावर जायचा. हे मी शेताकडे जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. दिवेलागणीला दोघं परत यायची, तिच्या हातात कचोरीचा पुडा असायचा आणि त्यातली पहिली कचोरी ती मला आणून द्यायची. मी खायचे. कचोरीशी माझं वैर नव्हतं. पण प्रत्येक घासाला वाटायचं, हिचं नशीब बघा, हिला नवरा महिन्याच्या महिन्याला फिरवतो आणि माझ्या वाट्याला पुड्यातली एक कचोरी.

माझा नवरा ओसरीवरून भावाला टोमणे मारायचा. “बायकोले फिरवून आनलं काय बे? उद्या लुगडं नेस अन् सयपाकबी कर.” गावातही दिराला बाईलवेडा म्हणायचे. पानटपरीवर त्याची नक्कल व्हायची. दीर नुसता हसायचा आणि गाडीवरची धूळ झटकायचा. मला त्याच्या त्या हसण्याचाही राग यायचा.

माझ्या नवऱ्याची नक्कल कुणी करत नव्हतं. तो ट्रॅक्टरला थ्रेशर जोडून गावोगाव मळणीला जायचा. सोयाबीन, मग तूर, मग हरभरा आणि गहू. उंचापुरा, भरदार आवाजाचा, मिशीवाला. लग्नात माझ्या मावशीने आईच्या कानात सांगितलं होतं, पोरीला वाघ मिळाला. वाघच तो. भाजीत मीठ कमी, उत्तर द्यायला उशीर, नाहीतर उत्तर दिलं म्हणून, त्याचा हात चालायचा. पहिल्यांदा मारलं तेव्हा मी सासूबाईंकडे गेले. त्यांनी माझ्या गालाला तेल लावलं आणि म्हणाल्या, “मरद हाय माय तो. मरदाचा हात चालतेच. तुह्या सासऱ्याचाबी चालत होता.” हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडा तोराच होता. आत आवाज वाढला की सासूबाई टीव्ही मोठा करायच्या आणि दीर चप्पल घालून बाहेर पडायचा. थोरल्या भावापुढे शब्द काढायचा नाही, ही आमच्या घरची रीत. आणि धाकटीने तर थोरल्या दिराशी, म्हणजे भासऱ्याशी, बोलायचंच नसतं. डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवायचा आणि पाठमोरं निघून जायचं. लग्न होऊन आल्यापासून तिने माझ्या नवऱ्याशी एक शब्द बोललेला मी ऐकला नव्हता.

मळणीच्या मोसमात धूळ फार उडते. संध्याकाळी घसा धुवायला म्हणून सगळे जण थोडी थोडी घ्यायचे. मग मोसम नसतानाही घसा कोरडा पडायला लागला. मग सकाळीसुद्धा.

आणि मग त्याने माझ्याजवळ येणं बंद केलं.

एकदम नाही. आधी काही वेळा तो आला आणि काही झालं नाही. दर वेळी दोष माझा निघाला. “लाकूड हायेस तू, लाकूड,” असं म्हणत एकदा त्याने मला पलंगावरून खाली लोटलं. पुढे पुढे तो ओसरीवरच अंथरूण टाकायला लागला. दुसरी एखादी बाई सुटकेचा निःश्वास टाकती. मी नाही टाकला. माझं डोकं भलतीकडेच धावलं. वाघासारखा गडी, तो घरात उपाशी राहतोय म्हणजे बाहेर कुठे तरी जेवतोय. याशिवाय दुसरं काही असू शकतं, हे माझ्या मनात आलंच नाही. पुरुषाचं ते कधी बंद पडतं, असं आम्हा बायकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बाईचं सगळं बिघडतं, पुरुषाचं काही बिघडत नाही, असंच आम्ही ऐकत आलो होतो.

झालं, मी त्या बाईच्या शोधाला लागले. थ्रेशरच्या गँगमध्ये पोत्यांची तोंडं शिवायला एक बाई असते, असं कानावर आलं होतं. मला जेवण जाईना. ती कशी दिसत असेल, किती वयाची असेल, माझा नवरा तिच्याशी कुठल्या आवाजात बोलत असेल, हेच डोळ्यांपुढे. शेवटी एके दिवशी त्याचा डबा घेऊन मी स्वतःच दुसऱ्या गावच्या शेतात जाऊन थडकले. पोत्यांच्या थप्पीवर पांढऱ्या केसांची, तंबाखूने दात काळे झालेली म्हातारी बसली होती. मला बघून म्हणाली, “उन्हातून आली माय. बस, पानी पे.” मी पाणी प्यायले आणि परत आले. एवढ्यानं माझी शंका जायला हवी होती. ती फाट्यावरच्या चहावालीवर जाऊन बसली.

तिकडे त्याचंही तेच चालू होतं, फक्त उलट बाजूने. आपण बायकोजवळ जात नाही आणि बायको तक्रार करत नाही, म्हणजे तिची सोय दुसरीकडे झालेली दिसते, असं त्याने ठरवून टाकलं. दूध डेअरीवरचा माणूस, दवाखान्यातला कंपाउंडर, बांगड्या विकायला येणारा, कुणी सुटलं नाही. माझं माहेर धाड गावाकडचं, तिकडची बोली वेगळी. आईशी फोनवर बोलत असले की तो मागे येऊन उभा राहायचा. एकदा फोन हिसकावून त्याने तोच नंबर परत लावला आणि दटावून विचारलं, “कोन बोलून राह्यलं बे?” पलीकडून माझी आई घाबरून म्हणाली, “जावईबापू, मी आहे.” मला हसू फुटलं. त्या हसण्याबद्दल मात्र मला मार बसला.

असा आमचा संसार चालला होता. तो माझ्यावर पाळत ठेवायचा, मी त्याच्यावर, आणि उरलेल्या वेळात मी धाकटीवर.

एकदा हरभऱ्याचा मोसम सुरू व्हायच्या आधी तो अंगणात थ्रेशरला ग्रीस करत होता. त्याने मला पान्यांचा डबा आणायला सांगितला. डब्यात पान्यांच्या खाली कागदी पुड्या होत्या आणि तेलाची एक लहान बाटली. मी त्या ओळखल्या. आमच्या बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला एक तंबू लागतो. बाहेर वाळलेल्या मुळ्या, प्राण्यांची हाडं, आणि फलकावर दंड फुगवलेला पैलवान. मर्दानी ताकद, गुप्त सल्ला. आम्ही बायका तिथून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघतो, पण वाचलेलं असतंच.

माझ्या अंगाची लाही झाली. घरात या ताकदीचा उपयोग नाही, म्हणजे ती बाहेर खर्च होतेय. मी डबा तसाच उचलला आणि त्याच्यासमोर अंगणात पालथा केला.

“कोनासाठी हाय हे? सांगा कोनासाठी! कोन हाय ते रांड?”

त्याच्या चेहऱ्यावर आधी राग नव्हता. हे मला अजून स्पष्ट आठवतं. चोरी करताना सापडलेल्या लेकराचा असतो तसा तो चेहरा होता. त्याने पुड्यांवर चटकन पाय ठेवला. पण अंगणात गँगमधले दोघे बसले होते आणि त्यातला एक फिसकन हसला. ते दोघे तिथे नसते तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते होते. त्यांच्यादेखत त्याने मला कानाखाली मारली, मग पाठीत, आणि मी थ्रेशरच्या लोखंडी चाकावर जाऊन आदळले. मनगटात कट्‌ असा आवाज झाला. हसणारा माणूस उठून निघून गेला.

दीर आणि धाकटी मला जीपमध्ये घालून खामगावला घेऊन गेले. नवरा थ्रेशरपाशीच बसून होता. जीपमध्ये हात मांडीवर धरून कण्हत असतानाही माझ्या मनात आलं, चला, आपल्यालाही एकदा खामगाव घडलं. धाकटीने त्या दिवशी घरातलीच साडी नेसली होती.

दवाखाना मोठा होता, हाडांचे डॉक्टर एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. आत शिरताच खिडकीतल्या बाई दिराला म्हणाल्या, “आज कसे आलात? तुमची तारीख तर पुढच्या आठवड्यात आहे.” दीर गडबडला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “नाई, आज वहिनीचं हाय.”

एक्स-रेसाठी आम्हाला बाकावर बसवलं. दीर पाणी आणायला गेला. मी धाकटीला विचारलं, “तारीख कायची?”

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “जाऊबाई, याईले साखर हाय. लेकरू झाल्यावर मालूम पडलं.”

“साखरेले एवढं लपवाचं काय?”

“साखरेचं नाई लपवलं. साखरेनं… तेबी बंद झालतं.”

“ते म्हंजे?”

“तेच,” ती म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. “मले वाटे माह्यातच काई कमी हाय. मंग त्याईनंच सांगतलं एका दिवशी. लय रडले. म्हने, माह्यानं होत नाई, तुह्यात काई कमी नाई. मी म्हनलं, चाला दवाखान्यात. तवापासून येतो आमी. आता बरं हाय.”

“अन् ते साडी? ते पावडर? कचोरी?”

“दवाखान्यात चाल्लो म्हनलं असतं तं सासूबाईनं इचारलं असतं, काय झालं, काऊन झालं. शेजारपाजार जमा झाला असता. बायकोले फिरवते म्हनलं तं लोक हासतेत, पन कोनी इचारत नाई. हेच म्हने, हासू दे. आपलं काय जाते?”

हात तुटलेला होता, ठणकत होता, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते हाताचं नव्हतं. साडीचा, मोटरसायकलचा, कचोरीचा इतक्या वर्षांचा हेवा त्या बाकावर एकदम निकालात निघाला आणि त्याच्या जागी दुसरा आला. तो आधीच्यापेक्षा फार वाईट होता. माह्यानं होत नाई, तुह्यात काई कमी नाई. एक पुरुष असं बोलला होता. माझ्याच अंगणात, माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, कुणीतरी आपल्या बायकोला हे म्हणालं होतं, आणि मी मात्र लाकूड होते. धाकटी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

दीर पाण्याची बाटली घेऊन आला. आमच्या तोंडांवरून त्याला कळलं. मोठ्या वहिनीशी दिराची थट्टा चालते, तिच्याशी तो मोकळं बोलू शकतो. तो खाली बघतच म्हणाला, “वहिनी, दादालेबी हेच असन, ओसरीवर झोपते तो. बाबालेबी साखर होती. अन् दादा तं पेतेबी.”

“मंग सांगा ना त्याईले.”

“मी कसा सांगू? थोरला हाय तो.”

“अन् मी सांगू? दुसरा हातबी मोडून घेऊ?”

त्याने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. माझ्या हाताला प्लास्टर लागलं आणि आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा ओसरीवर बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता. सासूबाई शेंगा फोडत होत्या. धाकटी चहा घेऊन आली, डोक्यावर पदर, कप खाली ठेवला. रोज ती इथून वळून निघून जाते. त्या दिवशी ती दाराच्या चौकटीआड जाऊन थांबली. नुसती साडीची किनार दिसत होती.

“दादा, मी बोलते म्हनून राग नोका मानू.”

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. नवऱ्याने दाराकडे पाहिलं, जणू भिंत बोलायला लागली होती.

“हे मले खामगावले फिरवाले नाई नेत. दवाखान्यात जातो आमी. याईचंबी तुमच्यासारखंच झालतं. गोया घेतल्या, बरं झालं. तुमीबी जा. जाऊबाईले मारून ते बरं नाई होत, दादा.”

दीर अंगणात बैलांपुढे कडबा टाकत होता. त्याचे हात थांबले. नवऱ्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ज्या भावाला तो रोज लुगडं नेसायला सांगायचा, त्याच्याकडे. दिराच्या मनात आलं असतं तर तो म्हणाला असता, काहीच्या काही बोलते ही, लक्ष नको देऊ. सगळं गाव त्याला बाईलवेडा म्हणत होतं, तेवढं त्याला पेललं होतं. पण हे वेगळं होतं. त्याने कडबा खाली ठेवला आणि म्हणाला, “हाव दादा. खरं हाय.”

नवरा उठला, चहा न पिता बाहेर निघून गेला. सासूबाई म्हणाल्या, “लाज इकून खाल्ली या पोरीनं.” धाकटी चुलीपाशी येऊन बसली आणि विझलेल्या चुलीत फुंकर घालत राहिली. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी मनात म्हणत होते, मी इतकी वर्षं ओरडून ओरडून मेले तर त्याने मान वळवली नाही, आणि ही दाराआडून एकदा बोलते तर तो चहा टाकून उठतो. तिचं धाडससुद्धा मला हवं होतं.

काही दिवस तो दारू जास्तच प्यायला. मग एका सकाळी दात घासता घासता, तोंडात फेस असतानाच, त्याने भावाला विचारलं, “तो डाक्टर कोन्या दिवशी बसते बे?”

दोघे भाऊ एका मोटरसायकलवर गेले. मला विचारलंसुद्धा नाही. दारात उभी राहून मी त्यांना जाताना बघितलं. धाकटीला तिचा नवरा घेऊन गेला होता, माझा नवरा मात्र भावाला घेऊन गेला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनीच बायकोला आणा म्हणून सांगितलं, तेव्हा माझा नंबर लागला.

डॉक्टर माझ्या नवऱ्याच्याच वयाचे असतील. आडपडदा न ठेवता बोलणारे. साखर बरीच वाढलेली होती. साखरेने आणि दारूने नसा खराब होतात, रक्त पोचत नाही, आणि मग हे असं होतं, असं त्यांनी मोटार दुरुस्त करणाऱ्याने सांगावं इतक्या साधेपणाने सांगितलं. तंबूतल्या पुड्यांचं नाव काढताच त्यांनी हात जोडले. “त्यात काय घालतात ते देवालाच ठाऊक. आणि दारू बंद करा.”

“थोडी घेतली तं जोर येते म्हनतेत,” नवरा म्हणाला.

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हनतेत.”

“त्यांना एकदा विचारा, त्यांचं कसं चाललंय.”

नवऱ्याने मिशीवरून हात फिरवला. मग डॉक्टरांनी विचारलं, बाहेर कुणाशी संबंध आहेत का, म्हणजे तशा तपासण्या कराव्या लागतील. “नाई जी,” तो इतक्या घाईने आणि इतक्या पडलेल्या आवाजात म्हणाला, की मला ते खरं आहे हे तिथल्या तिथे कळलं. जे घरात होत नव्हतं ते बाहेर कसं होणार होतं? म्हणजे ती चहावाली, ती पोती शिवणारी, ज्यांच्यासाठी मी जेवण सोडलं होतं, त्यातली एकही नव्हती. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत प्रश्न होता.

“तुमीबी कोनाले शोधत बसू नोका,” मी म्हणाले. “कोनी नाई.”

डॉक्टरांनी माझ्या प्लास्टरकडे बोट दाखवलं. “हे कसं झालं?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. मला बघायचं होतं, तो काय सांगतो. भाऊ अंगणात उभा राहून हाव म्हणाला होता.

“पडली,” माझा नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाले, तुम्हाला एकटीला काही सांगायचं असेल तर थांबा. मी थांबले नाही. बाहेर आल्यावर वाटलं, थांबायला हवं होतं. पण तोवर पुढचा माणूस आत गेला होता.

खोटं कशाला बोलू, तो सुधारला. गोळ्या वेळेवर घ्यायला लागला. मळणीच्या मोसमात दोनदा घसरला, मग सावरला. गँगमधले चिडवायचे, “काऊन बे, घोटबी नाई घेऊन राह्यला?” तर म्हणायचा, “साखर हाय गड्या.” साखर सांगायला लाज वाटत नाही, साखरेने मिशी खाली होत नाही. त्या एका शब्दाआड त्याचं बाकीचं सगळं झाकलं गेलं. आणि त्या थ्रेशरच्या दिवसानंतर त्याने माझ्यावर हात उचलला नाही. ओसरीवरचं अंथरूण खोलीत आलं. हळूहळू बाकीचंही सुरळीत झालं. सासूबाई शेजारणींना सांगायला लागल्या, माझा थोरला देवमाणूस झाला. बायका मला नशीबवान म्हणायला लागल्या.

आणि मी? माझा हेवा गेला नाही. आता मला माझ्या नवऱ्याचाच हेवा वाटायला लागला. त्याच्या दुखण्याला नाव सापडलं होतं. त्याला डॉक्टर होता, गोळी होती, महिन्याची तारीख होती, भाऊ सोबतीला होता. त्याचं बरं होणं रक्ताच्या तपासणीत दिसायचं. तो जवळ आला की मी डोळे मिटून घ्यायचे आणि तो गेला की उघडायचे. त्याला वाटायचं, सगळं ठीक झालं. मी तसं वाटू देत होते, कारण माझं काय बिघडलंय हे मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

ते त्याला कळलं एका दुपारी. कापूस वेचून आम्ही शेतातून परत आलो होतो. मी खोलीच्या दारात उभी राहून पाण्याचा तांब्या तोंडाला लावत होते. तो समोर आला, “थांब,” म्हणाला आणि त्याने हात वर केला.

माझ्या हातातला तांब्या सुटला. मी काही ठरवलं नव्हतं, घाबरलेही नव्हते. पण माझे दोन्ही हात डोक्यावर गेले, मान छातीत गेली आणि मी भिंतीशी वाकून उभी राहिले. तांब्या घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला.

काही झालं नाही. मी हातांच्या फटीतून पाहिलं. त्याचा हात तसाच हवेत होता.

“केसाले कापूस लागला होता,” तो म्हणाला.

“हाव.”

“मी मारून नोहतो राह्यलो.”

“मालूम हाय मले.”

“मंग?”

माझे हात अजून डोक्यावरच होते, ते मला खाली घेता येईनात. अंगणापलीकडे दीर आणि धाकटी कापसाची गाठोडी उतरवत होते. त्याने मागून तिच्या पाठीवर चापट मारली आणि काहीतरी म्हणाला. ती मागे न बघता हसली, गाठोडं सोडत राहिली. माझा नवराही तिकडेच बघत होता. आम्ही दोघांनीही ते पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा, मला वाटतं, आम्हा दोघांना एकाच गोष्टीचा हेवा वाटला.

त्याने हात खाली घेतला. पेशंटने डॉक्टरला विचारावं तसं, अगदी हळू आवाजात, त्याने मला विचारलं, “याले गोयी नसन काय?”